उकिरडा-वेस
(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने पूर्वजांचे गुण गावे, ख्रिस्तमंदिराचा इतिहास सांगावा आणि शेवटी एखाद्या बांधकामासाठी वर्गणीची याचना करून खाली बसावे, असा शिरस्ता आहे. पूर्वजांचे गुण आमच्या आधीच्या वक्त्यांनी यथास्थित गायिले, आणि इतिहास स्मरणिकेत छापून येणार आहे. म्हणून आम्ही आज अशा एका विषयाला हात घालणार आहो की, त्याचे नाव ऐकताच काही मंडळींचे रुमाल नाकाकडे जातील. तो विषय म्हणजे आपल्या गावचा केरकचरा होय.

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी हे अमंगल कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर पवित्र शास्त्रातूनच आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर नहेम्याने यरुशलेमचा पडलेला तट पुन्हा बांधविला. त्या कामाची सविस्तर याद त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात दिलेली आहे. कोणती वेस कोणी बांधली, हे तेथे नावानिशी नमूद आहे. मेंढरे-वेस मुख्य याजक एल्याशीब व त्याचे याजकबंधू ह्यांनी बांधली. मासळी-वेस दुसऱ्या एका घराण्याने बांधली. आणि नगराचा केर जिच्यातून बाहेर जाई ती उकिरडा-वेस? ती रेखाबाचा पुत्र मल्कीया ह्याने बांधली. हा मल्कीया कोणी मजूर नव्हता. बेथ-हक्करेम परगण्याचा तो अधिकारी होता. त्याने त्या वेशीला दारे बसविली, कड्या लावल्या, अडसर घातले. शास्त्रलेखकाने त्याचे नाव गाळले नाही, किंवा त्याच्या वेशीचे नाव बदलून सोज्वळ केले नाही. ज्या नगराला उकिरडा-वेस नाही ते नगर पूर्ण बांधलेच गेले नाही, हा त्यातील आशय आहे. पंचाहत्तर वर्षांत आपण मंदिर बांधले, शाळा बांधली, सभागृह बांधले. परंतु आपली उकिरडा-वेस अद्याप बांधावयाची राहिली आहे.

आपल्या वाडवडिलांना मात्र ह्या वेशीची वाण नव्हती. घराच्या मागच्या परड्यात उकिरडा असे, आणि तो घाणीचा ढीग नसून शेतकऱ्याची तिजोरी असे. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, झाडाखालचा पातेरा, भाजीचे देठ, माशांची खवले, सारे तेथे जाई, आणि पेरणीपूर्वी खत होऊन शेतात परत येई. बाजारातून येणारी वस्तूही पानात किंवा कागदात बांधून येई. तेलाला घरची बाटली जाई. काचेची बाटली व पत्र्याचा डबा ह्यांची गणना संपत्तीत होई; ती टाकावयाची कोण? प्रभूच्या दाखल्यातला माळी, फळ न देणारे अंजिराचे झाड तोडण्यापूर्वी, आणखी एक वर्ष त्याच्या भोवती खणून खत घालीन, असे धन्याला विनवितो. टाकून दिलेल्या पदार्थानेच वांझ झाडाला आणखी एक संधी मिळते. आपल्या आजोबांना हा दाखला समजावून सांगावा लागला नसता.

मग बिघडले कोठे? माणसे आळशी झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. माणसांची सवय तीच राहिली. टाकावयाची वस्तू मात्र बदलली. पॉलिथिन नावाचा पदार्थ १९३३ साली इंग्लंडातील एका कारखान्यात प्रयोग चालला असता अकल्पितपणे हाती लागला. त्यापासून हातात धरावयाची पिशवी बनविण्याचे पेटंट १९६५ सालचे. हे पदार्थ हलके, स्वस्त व पाण्याने न भिजणारे. म्हणून पावसाळी कोकणात त्यांचे स्वागत झाले, यात नवल नाही. परंतु ज्या गुणामुळे ते पावसात टिकतात त्याच गुणामुळे ते उकिरड्यातही टिकतात. माती त्यांना ओळखत नाही. आपला हात मात्र अजून जुन्या सवयीने तेच परड्यात फेकतो, आणि खत होईल म्हणून वाट पाहतो.

शहरातल्या माणसाला ह्या गोष्टीचा पत्ता लागत नाही, कारण त्याच्या दाराशी घंटागाडी येते. कचरा गेला, असे तो म्हणतो. वास्तविक तो कोणाच्या तरी गावाच्या वेशीवर जाऊन पडलेला असतो. आपल्या वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत घाटी चढावयाची. येथे कोणती गाडी येणार? तेव्हा आपल्याकडे टाकण्याच्या तीनच जागा उरल्या: व्हाळ, खड्डा आणि चूल. ह्या तिन्हींचा विचार क्रमाने करू.

व्हाळात टाकलेले पहिल्या मोठ्या पावसात दिसेनासे होते, म्हणून लोकांस ते बरे वाटते. परंतु आपला व्हाळ नदीला, नदी खाडीला व खाडी समुद्राला मिळते. तेच पुडके पुढे रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर येते. वरच्या वाडीचा कचरा खालच्या वाडीच्या पायऱ्यांवर आणि खालच्या वाडीचा किनाऱ्यावरच्या बांधवांच्या जाळ्यात, हे शेजारधर्माला धरून नाही.

खड्ड्याची गोष्ट अशी की, आपली जमीन जांभ्याची आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्यात खणलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते, सडलेल्या पदार्थांचा काळा रस घेते व जमिनीत मुरते. आपल्या विहिरी त्याच जमिनीतले पाणी पितात. जुने विजेरीचे सेल, औषधे, फवारणीच्या बाटल्या खड्ड्यात पुरणे म्हणजे विहिरीच्या झऱ्यालाच त्या सोपविणे होय.

सर्वांत वाईट ती चूल. आंघोळीचे पाणी तापविण्याच्या चुलीत पाखड पेटावी म्हणून घरोघर प्लॅस्टिकची पिशवी घातली जाते. बंधुभगिनींनो, ते सरपण नव्हे. काही जातीच्या प्लॅस्टिकमध्ये, विशेषतः पीव्हीसीमध्ये, क्लोरीन असते. मंद आचेवर ते जळताना डायॉक्सिन नावाचे अतिशय जहरी पदार्थ तयार होतात. ते हवेने गवतावर बसतात, गवताबरोबर गुराच्या पोटी जातात आणि दुधाच्या स्निग्धांशात साठतात. ज्या पदार्थांना आळा घालण्यासाठी २००१ साली स्टॉकहोम येथे राष्ट्राराष्ट्रांत करार झाला, त्यांत हे डायॉक्सिन आहेत. आपल्याकडे त्या चुलीजवळ बसते कोण? घरची आई, आजी, आणि त्यांच्या पदराशी असलेले मूल. राखेच्या बुधवारी आपल्या कपाळी जी राख लागते ती झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. आपले आजोबा घरच्या चुलीची राखही निःशंकपणे भांड्यांना व भाजीच्या अळ्यांना घालीत. आज आपल्या चुलीची राख तशी राहिली आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे.

रोग सांगितला, आता उपाय सांगितला पाहिजे. प्रथम थोडा हिशेब करू. समजा, एका गावात १२० घरे आहेत. प्रत्येक घरातून रोज अर्धा किलो ओला, कुजणारा पदार्थ व ५० ग्रॅम सुका, न कुजणारा पदार्थ निघतो. म्हणजे गावाचा ओला ६० किलो आणि सुका केवळ ६ किलो. दोन्ही एकत्र केले की ६६ किलोची दुर्गंधीयुक्त रास होते. ती ना शेतात घालता येते, ना भंगारवाला तिला हात लावतो. परंतु उंबरठ्याच्या आतच दोन्ही वेगळे ठेवले, तर ६० किलो परड्यातच जिरते आणि बाहेर न्यावयाचे ते अवघे ६ किलो, म्हणजे अकरावा हिस्सा, उरते. महिन्याला ते १८० किलो होते. तेवढे एका टेम्पोत जाते. दूरच्या गावाचा सारा प्रश्न ह्या एका विभागणीवर अवलंबून आहे. अंतर आपण कमी करू शकत नाही. वाहावयाचे ओझे कमी करू शकतो.

ओल्या भागासाठी आपल्याला कोणा परक्याची वाट पाहावयास नको. इंदूर येथील संशोधनसंस्थेत १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने खताच्या पद्धतीचा अभ्यास केला. त्याने आपल्या शेतकऱ्यांचीच रीत पाहिली, चिनी शेतकऱ्यांची रीत वाचली, आणि पातेरा, शेण, गुरांच्या मुतात भिजलेली माती व राख ह्यांचे थर देऊन, वेळोवेळी उलथून उत्तम खत करण्याची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथावर हॉवर्ड ह्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. खड्ड्यात पाणी साचते म्हणून पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचावा, असे ती पद्धत सांगते. आपल्या कोकणात तर हाच नियम. ढिगावर झावळ्यांचे छप्पर घालावे आणि भोवती चर खणावा, म्हणजे सत्त्व वाहून जात नाही.

दुसरी पद्धत विदर्भातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे ह्यांची. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' हे नाव पडले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे; भिंतीत हवेसाठी झरोके ठेवावयाचे. आत पालापाचोळा, शेणकाला व चाळलेली माती ह्यांचे थर द्यावयाचे, पाणी शिंपडावयाचे व वरून लिंपून टाकावयाचे. एका टाक्याला सुमारे दीड हजार किलो पालापाचोळा लागतो, पण शेण मात्र शंभर किलो पुरते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ज्या वाडीत पूर्वी चाळीस गुरे होती आणि आता चार राहिली, तिला ही पद्धत वरदान आहे. आपल्याकडे विटांऐवजी जांभ्याचे चिरे फटी ठेवून रचले तरी काम भागेल. काजूच्या बागेत मार्च महिन्यात पातेरा पेटवून देण्यापेक्षा तो टाक्यात घातला, तर बागेला वणव्याचे भय राहणार नाही आणि कलमांना खत मिळेल.

आता सुक्या भागाकडे वळू. येथे आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्याचे उदाहरण पुढे आहे. वेंगुर्ले हे बारा-तेरा हजार वस्तीचे लहान शहर. तेथील नगरपरिषदेने २०१५ नंतर, मुख्याधिकारी रामदास कोकरे ह्यांच्या कारकिर्दीत, घरोघरचा कचरा वेगवेगळा करूनच घेण्याचा नियम घातला. ओल्यापासून गॅस व खत होऊ लागले. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्याच्या कामी लावण्यात आले. काच, धातू, कापड ह्यांना आपापली वाट मिळाली. जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग होते ती जागा इतकी पालटली की, लोक ती पाहावयास येऊ लागले. यंत्रे पुष्कळ नगरपरिषदांनी आणली आहेत आणि ती गंजून पडली आहेत. वेंगुर्ल्यात यंत्राच्या आधी घराच्या उंबरठ्याला शिस्त लागली, हे त्यातील मर्म आहे.

आपण म्हणाल, वेंगुर्ल्याला नगरपरिषद आहे, नोकर आहेत, गाड्या आहेत. आम्हां डोंगरवासीयांचे काय? म्हणून एका डोंगरी गावाचे उदाहरण घेऊ. ते दूर जपानात आहे, तरी त्याची अडचण आपल्यासारखीच होती. शिकोकू बेटावर कामिकात्सू नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आहे. तरुण शहरात गेलेले. राहिलेल्यांत निम्मे लोक पासष्टीच्या पुढचे. येथपर्यंत आपल्याच वाडीचे वर्णन वाटावे! तेथेही लोक कचरा उघड्यावर जाळीत. पुढे गावाने कचरा जाळण्याच्या दोन लहान भट्ट्या घेतल्या. परंतु डायॉक्सिनविषयीचा कायदा कडक झाल्यामुळे त्या थोड्याच वर्षांत बंद कराव्या लागल्या. नव्या मोठ्या भट्टीला पैसा नव्हता. तेव्हा ह्या गरीब गावाने २००३ साली, आपण काही जाळणार नाही व पुरणार नाही, अशी दिशा जाहीर केली आणि २०२० पर्यंतची मुदत स्वतःला घालून घेतली. तेथे कचऱ्याची गाडी दारोदार फिरत नाही. ओले ते घरोघर खत होते. बाकीचे लोक स्वतः धुऊन, वाळवून एका केंद्रावर नेतात व चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळे करतात. प्रत्येक पेटीवर पाटी असते: ही वस्तू येथून कोठे जाते, तिचे पुढे काय होते, आणि तिच्यापायी गावाला किती पैसे पडतात किंवा मिळतात. आपण ठेवलेली वस्तू कोठे जाते हे ज्याला ठाऊक असते, तो ती बेपर्वाईने फेकीत नाही.

ह्या गावाला पूर्ण यश आले काय? नाही. सुमारे ऐंशी टक्के कचऱ्याचा पुनर्वापर होऊ लागला. उलट साऱ्या जपानचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास. परंतु २०२० साल आले तरी शून्य गाठले गेले नाही. बालकांचे व वृद्धांचे टाकाऊ लंगोट, निरनिराळे पदार्थ चिकटवून केलेले जोडे, अशा वस्तू उरल्याच. म्हणजे वीस टक्के उरले ते गावकऱ्यांच्या आळसामुळे उरले, असे नव्हे. ती वस्तूच अशी बनविली होती की, कोणत्याही गावाला ती सुटी करता येऊ नये. ही गोष्ट ध्यानात ठेवा; तिच्याकडे आपण पुन्हा येऊ.

धोक्याच्या वस्तूंविषयी एक सूचना येथेच देतो. आंब्याच्या बागेत फवारणी झाल्यावर औषधाची रिकामी बाटली तीन वेळा विसळावी, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, आणि बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. सुया, फुटकी काच, सेल, जुनी औषधे ही झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवावीत. पोत्यात उघड्या हाताने काम करणाऱ्याची आठवण प्रत्येक फुटक्या काचेबरोबर आपल्याला झाली पाहिजे.

आणि येथे आम्ही आमच्या भाषणाच्या खऱ्या गाभ्याशी आलो. हे काम करावयाचे कोणी? आपल्या देशात ह्या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके एका जातीच्या डोक्यावर ठेवले गेले. ते उत्तर नाकारणारा एक सत्पुरुष आपल्याच भागात होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) ह्यांना लोक कोकणचे गांधी म्हणत. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेथे भंगीकाम विशिष्ट जातीच्या कैद्यांकडूनच करविले जाई. जन्माने ब्राह्मण असलेल्या ह्या पदवीधराने ते काम आपल्याला द्यावे असा आग्रह धरला, आणि नकार मिळताच अन्न वर्ज्य केले. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी त्यांना पाठिंबा म्हणून स्वतः उपवास आरंभिला. पुढे कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम उभारला आणि शौचकूप, खत, मेलेल्या जनावरांचे चर्म, ज्या ज्या वस्तूला समाज नाक मुरडतो त्या त्या वस्तूत आयुष्य वेचले. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूला त्यांची ओळख पटली नसेल, असे आम्हांस वाटत नाही. त्याचप्रमाणे हाती खराटा घेऊन गावोगाव झाडीत फिरणाऱ्या गाडगे महाराजांचे नाव ह्या महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको.

पवित्र गुरुवारी आम्ही वेदीपुढे बारा जणांचे पाय धुतो. ते पाय घरून धुऊनच आलेले असतात, हे आपण सर्व जाणतो. तो विधी खरा व्हावयाचा असेल तर गावातले जे काम कोणीच करू इच्छीत नाही ते आपण वाटून घेतले पाहिजे. ते घरच्या सुनेवर ढकलावयाचे नाही. आपल्याकडे 'घरात वेगळे करा' ह्याचा अर्थ 'बायकांनी वेगळे करावे' असा होतो. आम्ही तो अर्थ मान्य करीत नाही. आणि ते गावच्या सर्वांत गरीब माणसाला पंधरा-वीस रुपये देऊन त्याच्या माथीही मारावयाचे नाही. कोणी मोबदला घेऊन हे काम करील, तर त्याला योग्य मजुरी, हातमोजे व बूट मिळावेत, आणि त्याला त्याच्या नावाने हाक मारली जावी.

आता जपानी गावाकडून घेतलेल्या धड्याकडे पुन्हा येऊ. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, तुटकी बादली, हे भंगारवाला घेतो. पण आत चंदेरी मुलामा असलेली, खाऊची ती रंगीत पुडकी कोणी घेत नाही. निरनिराळे थर चिकटवून ती बनविलेली असतात. फार तर सिमेंटच्या भट्टीत अतिउष्ण आचेवर ती इंधन म्हणून जाळतात. दुकानदार पाच रुपयांना पुडके विकतो, नफा दूरच्या शहरात जातो, आणि रिकामे पुडके शहरात परत पोहोचविण्याचा खर्च मात्र आपल्या गावाने सोसावा, हा न्याय कोणता? २०१६ सालच्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि त्याच नियमांनी गावांनाही कायद्याच्या कक्षेत आणले. २०२० पासून स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामीण भागासाठी प्रत्येक विकासगटात प्लॅस्टिकवर प्रक्रिया करणारे एक केंद्र असावे, असे ठरले. हे आपले हक्क आहेत. ते ग्रामसभेत उभे राहून, नम्रपणे परंतु पुन्हा पुन्हा मागितले पाहिजेत. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात टाकून देण्याच्या संस्कृतीचा निषेध केला, तो केवळ वस्तूंपुरता नव्हता. वस्तू फेकून देण्यास सरावलेला हात पुढे माणसांनाही फेकून देतो, हे त्यांनी ओळखले होते. दूरची खेडी ही अशीच फेकून दिलेली माणसे आहेत, असे जगाला वाटू लागले आहे. आपण तसे वाटू देता कामा नये.

तेव्हा ह्या अमृतमहोत्सवी वर्षात आम्ही आपणांपुढे पाच गोष्टी ठेवतो.

पहिली : महोत्सवाच्या जेवणावळीत केळीचे पान, पत्रावळ किंवा सुपारीच्या विरीची ताटली वापरावी, आणि पाण्याला स्टीलची भांडी. क्रुसाजवळच्या लादैनीनंतर वाटावयाचे चणे पानाच्या द्रोणात द्यावेत. प्लॅस्टिकच्या व थर्माकोलच्या ताटल्यांना महाराष्ट्र शासनाने २०१८ सालीच बंदी केली आहे; निदान देवाच्या अंगणात तरी ती पाळली जावी. धर्मग्रामाने दोनशे ताटे-पेले एकदा विकत घ्यावेत आणि ते गावातील कोणत्याही धर्माच्या लग्नकार्याला द्यावेत.

दुसरी : प्रत्येक घरी ओल्यासाठी एक भांडे, सुक्यासाठी एक पोते व धोक्याच्या वस्तूंसाठी एक झाकणाचा डबा असावा. सुके ते धुऊन, वाळवून पोत्यात पडावे.

तिसरी : सभागृहामागील ख्रिस्तमंदिराच्या जागेत पत्र्याची एक खोपी बांधू. तिच्यात कप्पे असतील, आणि प्रत्येक कप्प्यावर, ही वस्तू कोठे जाते, ह्याची पाटी असेल. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्साला येताना ज्याने त्याने आपले पोते आणावे. ज्यांना चालवत नाही त्यांचे पोते युवकमंडळाने आणावे. त्या निमित्ताने म्हाताऱ्यांची विचारपूसही होईल.

चौथी : भंगारातून आलेले व टेम्पोला गेलेले पैसे ह्यांचा हिशेब वेदीवरून वाचून दाखविला जावा, जसा आपण दानपेटीचा वाचतो.

पाचवी : येत्या राखेच्या बुधवारपासून एकाही ख्रिस्ती चुलीत प्लॅस्टिक जळू नये. उपवासकाळात मांस सोडणे सोपे आहे. हे सोडून पाहा.

कोणी म्हणेल, हे काम पंचायतीचे आहे. होय, आहे, पण रिकाम्या हाताने गेलेल्या गावाला पंचायत आश्वासन देते, आणि भरलेली, निवडलेली पोती घेऊन गेलेल्या गावाला गाडी द्यावी लागते. कोणी म्हणेल, आमची चाळीस ख्रिस्ती घरे. बाकीच्यांनी केले नाही तर काय उपयोग? वाऱ्याने उडालेली पिशवी कोणाचा धर्म विचारीत नाही, आणि आपली विहीर तर मुळीच विचारीत नाही. खोपीचे दार सर्वांना उघडे राहील. शेजारच्या बचतगटातील भगिनी आपल्याहून अधिक शिस्तीच्या निघाल्या, तर आपण त्यांच्याकडून शिकावे.

बंधुभगिनींनो, प्रभूने पाच भाकरींनी पाच हजारांना तृप्त केले, तो चमत्कार आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु त्याच्या शेवटी जे घडले त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याच्या हाती हवे तेवढे अन्न निर्माण करण्याचे सामर्थ्य होते, त्यानेच, काही वाया जाऊ नये म्हणून, उरलेले तुकडे गोळा करावयास शिष्यांना सांगितले. ते बारा टोपल्या भरले. डोंगरावरचे ते ठिकाण वस्तीपासून दूर होते. तेथेही कोणतीच गाडी येणार नव्हती. गवतावरून ते तुकडे वेचणारे हात प्रेषितांचे होते. पुढे ज्या हातांनी धर्ममंडळाचा पाया घातला, त्यांना हे काम कमीपणाचे वाटले नाही.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी डोक्यावरून चिरे वाहून हे मंदिर उभे केले. आपल्या वाट्याला चिरे वाहणे आलेले नाही. एक पोते आले आहे. दुसऱ्या रविवारी आम्ही खोपीच्या दाराशी आमचे पोते घेऊन उभे राहू. आपणही यावे. ज्या भूमीने आपल्याला व आपल्या मृतांना आपल्या कुशीत घेतले, ती आपल्या मुलांच्या हाती स्वच्छ देता यावी, एवढी बुद्धी व चिकाटी परमेश्वर पिता आपणां सर्वांना देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.